रंगमंच आणि छावणी

एखाद्या संगीत महोत्सवाची परीक्षा कशावरून करावी याविषयी आपल्याकडे फारसा वाद नसतो. कोण कोण गायले, कोणाचा राग जमला, कोणाला वेळ अपुरा पडला, ध्वनिक्षेपकाने किती घात केला, एवढे सांगितले म्हणजे वृत्तान्त पुरा झाला असे आपण मानतो. प्रस्तुत लेखकाने असे वृत्तान्त बरीच वर्षे लिहिले आहेत. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील टेल्युराइड या डोंगरी गावी भरणाऱ्या ब्लूग्रास महोत्सवाला जाण्याचा योग आला, तेव्हा मात्र हे माप हातात धरून उपयोग झाला नाही. महोत्सवाचे ते पन्नासावे वर्ष होते. चार दिवस मंचासमोर बसून जे ऐकले त्यावर चार रकाने सहज लिहिता येतील. पण त्या चार दिवसांतले खरे गाणे मंचावर नव्हते, अशी माझी समजूत झाली आहे, आणि ती तपासून पाहण्यासाठीच हा लेख.

प्रवास मोटरहोमने केला. मोटरहोम म्हणजे ओटा, शेगडी, मोरी, दोन बिछाने आणि बसायला बाक असलेली, बसगाडीएवढी मोटार. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण इतक्या शब्दशः कधी अनुभवली नव्हती. जावई चालवीत होते, मुलगी नकाशा सांगत होती, आणि प्रत्येक वळणावर मागच्या कपाटातल्या बश्या वाजत होत्या. माँट्रोजहून दक्षिणेला रिजवे, तिथून सुमारे नऊ हजार फुटांवरची डॅलस डिव्हाइड नावाची खिंड, मग सॅन मिगेल नदीच्या काठाने वर. असा रस्ता संपतो तिथे टेल्युराइड. संपतो हे अक्षरशः खरे, कारण गाव तिन्ही बाजूंनी कड्यांनी बंद झालेल्या दरीत, 8,750 फुटांवर आहे, आणि दरीच्या बंद टोकाला 365 फुटांचा ब्रायडल व्हेल धबधबा आहे. जूनच्या मध्यावरही माथ्यांवर बर्फ होते. प्रेक्षागार म्हणून निसर्गाने याहून चांगली जागा फारशी कुठे केली नसेल. मात्र मोटरहोमला गावात रात्री थारा नाही. सहा-सात मैलांवरच्या इलियम नावाच्या खोऱ्यात महोत्सवाची छावणी होती, तिथे आमचे बिऱ्हाड लागले. गावात जायला बसगाड्या होत्या.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. मुळात ही यूट लोकांची भूमी. त्यांना 1880 च्या सुमारास येथून हुसकावल्यावर खाणवाले आले, चांदी-सोने निघाले. बुच कॅसिडी या दरोडेखोराने 1889 मध्ये येथलीच पेढी लुटली. आमच्या छावणीच्या खोऱ्यातच वरच्या अंगाला एम्स येथे 1891 साली प्रत्यावर्ती विजेचे जगातल्या अगदी पहिल्या व्यापारी केंद्रांपैकी एक सुरू झाले आणि तिथली वीज अडीच मैलांवरच्या खाणीला गेली. 1904 च्या सुमारास संप करणाऱ्या खाणकामगारांना बंदुकीच्या धाकाने गाडीत घालून गावाबाहेर काढण्यात आले. पुढे खाणी आटल्या, शेवटची मोठी खाण 1978 मध्ये बंद पडली. तोवर 1972 मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळाचे केंद्र निघाले होते. महोत्सव सुरू झाला तो 1974 मध्ये, म्हणजे एक गाव मरत असताना आणि त्याच जागी दुसरे जन्माला येत असताना. गावातल्या काही हौशी वादकांनी आदल्या वर्षी कॅन्सस राज्यातल्या विनफिल्डच्या महोत्सवात न्यू ग्रास रिव्हायव्हल या तरुण वादकवृंदाला ऐकले होते. परत येऊन त्यांनी आपल्याच बागेत असे काही करायचे ठरवले, आणि 1975 मध्ये त्या वृंदालाही बोलावून आणले. त्यातला मँडोलिनवादक सॅम बुश तेव्हापासून दर वर्षी येथे वाजवीत आला आहे.

आता ब्लूग्रासविषयी. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हे नाव परके असेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. वरवर ऐकणाऱ्याला हे अमेरिकेच्या डोंगराळ भागातले पुरातन लोकसंगीत वाटते. तसे ते नाही. त्याचे वय आपल्या चित्रपटसंगीताहूनही थोडे कमीच आहे. केंटकी राज्यातल्या रोझीन या खेड्यात 1911 मध्ये जन्मलेल्या बिल मन्रो या एका माणसाने ते घडवले. आईबाप लहानपणीच गेले. मुलगा मामाच्या घरी राहिला. मामा फिडलवर नाचाच्या चाली वाजवीत असे. भाच्याने त्याची साथ करता करता ताल उचलला. अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून ब्लूजचा दर्द उचलला. अठराव्या वर्षी भावांच्या मागे इंडियाना राज्यात शिकागोजवळच्या तेलशुद्धीच्या कारखान्यात मजुरीला गेला. 1939 पासून नॅशव्हिलच्या रेडिओवरून गाऊ लागला. 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण तीन बोटांनी बँजो छेडण्याची आपली रीत घेऊन त्याच्या वृंदात आला, आणि मग जे वाजू लागले त्याला पुढे लोकांनी वृंदाच्या नावावरून ब्लूग्रास म्हटले.

यातली वाद्ये पाहावीत. फिडल ब्रिटिश बेटांवरून आलेले. मँडोलिन इटलीचे. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून घडलेला. त्याची आखूड पाचवी तार सतारीच्या चिकारीसारखी एकच स्वर मधून मधून टोचत राहते. दोब्रो हे मांडीवर आडवे ठेवून धातूच्या पट्टीने वाजवायचे गिटार स्लोव्हाकियाहून आलेल्या भावांनी लॉस एंजेलिसमध्ये बनवले, त्यावरची घसीट हवाई बेटांची. हीच हवाई घसीट आपल्याकडे येऊन ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांच्या हाती मींड झाली. जेरी डग्लस आणि भट्ट यांनी एडगर मेयर यांच्यासह 1995 मध्ये एकत्र ध्वनिमुद्रण केले, ते ऐकताना दोन परके भेटले असे वाटत नाही, दोन चुलतभाऊ भेटले असे वाटते. याच वर्तुळातला बँजोवादक बेला फ्लेक, मेयर, राकेश चौरसिया आणि झाकीर हुसेन यांच्या ध्वनिमुद्रणाला 2024 मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

म्हणजे ज्याला मातीतले गाणे म्हणावे त्यात माती चार खंडांची. आणि विषय काय, तर घर. सोडलेले घर, डोंगरातली झोपडी, वाट पाहणारी आई, परत गेल्यावर ओळख न पटलेले अंगण. डोंगर सोडून ओहायो, मिशिगन, इंडियानाच्या कारखान्यांत गेलेल्या माणसांनी हे गाणे उचलून धरले. घरी राहिलेल्याला घराचे गाणे लागत नाही. हा मुद्दा इंदूर, बडोदे, हैदराबादेत चार-सहा पिढ्या काढलेल्या घरांतून वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मन्रोचा आवाज तारसप्तकात, किंचित नाकातून, हेलकावा न घेता सरळ उभा राहतो. त्या आवाजाला तिकडे 'उंच, एकाकी सूर' म्हणतात. आपल्या कानाला तो प्रथम रुक्ष वाटतो. दुसऱ्या दिवशी मला त्यात जात्यावर गाणाऱ्या बाईच्या आवाजाचा कोरडेपणा ऐकू आला, आणि मग तो रुक्ष वाटेना.

मंचाकडे वळू. गावची बाग, तिच्या टोकाला मंच, मंचामागे कडे. गावाची वस्ती सव्वीसशे, श्रोते रोजचे दहाएक हजार. पहाटेपासून क्रमांक घेऊन रांगेत उभे राहायचे, फाटक उघडले की काखेत ताडपत्री घेऊन धावायचे आणि पुढची जागा धरायची. पन्नाशी उलटलेली भारदस्त माणसे ताडपत्र्या घेऊन धावताना पाहून पुण्यामुंबईच्या महोत्सवांतली सतरंजी अडवणारी मंडळी फार सुसंस्कृत वाटू लागली. मात्र एकदा ताडपत्री पसरली की तिचा मालक नसताना तिथे कोणीही बसावे, मालक आला की उठावे, हा अलिखित नियम मी चारही दिवस पाळला जाताना पाहिला.

वादनाविषयी. सॅम बुशचा हात अजून दमदार आहे. मँडोलिनच्या तारा आघातानंतर लगेच दाबून तो जो ठेका काढतो, त्यात तबल्याची उणीव भासत नाही; या संगीतात ढोल नाही, ठेक्याचे काम मँडोलिननेच करायचे असते. दुपारच्या सत्रांत जे वृंद एकाच ध्वनिक्षेपकाभोवती उभे राहून वाजवीत होते, त्यांचे वादन मला सर्वांत आवडले. ज्याची पाळी तो पुढे येतो, आपला तुकडा वाजवतो, बाजूला सरतो. आवाजाचा समतोल यंत्राने साधलेला नसतो, पावलांनी साधलेला असतो. मन्रोच्या रेडिओच्या काळातली ही गरज आज शैली झाली आहे. उलट दिवे लागल्यानंतर जे मोठे वृंद येत, त्यांतले काही नि:संशय कसबी असूनही, ढोलांचे आघात समोरच्या कड्यावर आपटून अर्ध्या क्षणाने परत येत आणि दरी स्वतःच चुकीची साथ करू लागे. एवढ्या आवाजाची तिथे गरज नव्हती. कड्यांनी वेढलेल्या दरीत हळू वाजवलेले जास्त दूर जाते, हे ज्याला कळले नाही त्याने जागा ऐकलीच नाही.

येथे एक जुना वाद उपस्थित होतो. नावात ब्लूग्रास असलेल्या या महोत्सवात रॉक, पॉप, काय वाटेल ते येऊन बसले आहे, अशी शुद्धतावाद्यांची तक्रार बरीच वर्षे चालू आहे. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती मला तासभर ऐकवली. मला ते बोलणे इतके ओळखीचे वाटले की क्षणभर आपण ग्वाल्हेरात एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलो आहोत असा भास झाला. घराण्याची गायकी भ्रष्ट झाली, आता कोणी अस्ताई-अंतरा पुरा म्हणत नाही, वगैरे. परंतु हे गाऱ्हाणे चुकीच्या दारात मांडले जाते. पुरावा खुद्द मन्रोचा. 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गाणे त्याने 1946 मध्ये तीन मात्रांच्या झुलत्या, संथ लयीत ध्वनिमुद्रित केले. 1954 मध्ये एल्विस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या पोराने ते चार मात्रांत, उडत्या लयीत गाऊन टाकले. मन्रो संतापून बसला नाही. त्याच वर्षी त्याने ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले: आरंभ आपल्या तीन मात्रांत, आणि मध्येच लय बदलून पुढे त्या पोराच्या चार मात्रांत. मूळ चाल टाकली नाही आणि नवीही नाकारली नाही. ज्याने परंपरा निर्माण केली त्याचे हे वर्तन असेल, तर तिचे रखवालदार म्हणवणाऱ्यांनी कोणाच्या अधिकाराने दार लावावे?

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. गावाच्या वेशीवर नदीकाठी पाचशेसत्तर एकरांचे कुरण आहे. तिथे बंगले उठू नयेत म्हणून 2007 मध्ये लोकांनी वर्गणीने आणि कर्जाने मिळून पाच कोटी डॉलर उभे केले, आणि 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. कुरण वाचले; ते पाहून डोळे निवतात. पण गावात चहा-कॉफी देणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, मंचाच्या तारा ओढणाऱ्या माणसाला गावात घर परवडत नाही. रिजवे, नॉरवूड, थेट पासष्ट मैलांवरचे माँट्रोज, येथून माणसे कामाला येतात. कॉफीच्या ठेल्यावरच्या एका तरुणीला मी सहज विचारले, मोटरहोममध्ये राहायला फार गंमत येते, नाही? ती म्हणाली, मी दोन उन्हाळे जुन्या व्हॅनमध्ये राहते आहे, मला विचारा. मी ओशाळलो. आमचे फिरते घर आठवड्याच्या भाड्याचे, चैनीचे, तिचे गरजेचे. घर हरवलेल्यांची गाणी त्या बागेत दिवसभर लाउडस्पीकरवरून चालली होती, आणि ज्यांना ती लागू पडत होती ते ठेल्यामागे उभे होते. 1904 साली कामगारांना गाडीत घालून बाहेर काढावे लागले होते. आता ते काम भाडे करते. महोत्सवाने हे घडवले असे मी म्हणणार नाही. पण ज्या सौंदर्याचा तो उत्सव करतो त्याच सौंदर्याची ही किंमत आहे, आणि मंचावरून चार दिवसांत त्याबद्दल मी एक अवाक्षर ऐकले नाही.

आता छावणी. रात्री अकराच्या पुढे बसने परत आलो की खोऱ्यात कडाक्याची थंडी आणि गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत कंदिलांचे उजेड. प्रत्येक उजेडाभोवती एक रिंगण. पहिल्या रात्री मला वाटले, मंचावरचे कलावंत येथे उतरले असावेत. तसे नव्हते. दिवसभर ज्यांच्यासोबत ताडपत्रीवर बसलो होतो तेच लोक. दातांचा डॉक्टर, शाळामास्तरीण, निवृत्त टपालवाला, कोणाची नात. प्रत्येकाच्या मोटरहोममधून एक पेटी निघालेली. मग माझ्या ध्यानात आले की दिवसा माझ्या आजूबाजूला टाळ्या वाजवणारे जे दहा हजार होते, त्यांतले कितीतरी वाजवणारे होते, आणि म्हणूनच एखाद्या अवघड जागेवर मंचावरचा वादक सफाईने निसटला की दाद आघात पडण्याआधीच निघत होती.

रिंगणाचे नियम मी दोन रात्री बसून समजून घेतले. ज्याने गाणे सुचवले त्याने पट्टी सांगायची. पहिले कडवे त्याने गायचे, मग डावीकडून एकेकाने आपल्या वाद्यावर चाल फिरवायची. कोणाची पाळी चालू असता इतरांनी साथीपुरते वाजवायचे. ज्याला येत नाही त्याने मान हलवून पाळी पुढे द्यायची. त्यात कमीपणा नाही. नवशिक्यांनी बाहेरच्या रांगेत बसून हळू वाजवत शिकायचे. आणि संपवायची खूण म्हणजे, ज्याचे गाणे त्याने पाय वर उचलायचा. हात गुंतलेले असतात, तोंडाने सांगावे तर गाणे मोडते, म्हणून पाय. पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ आसनावर बसल्या बसल्या बूट उचली आणि नऊ वाद्ये एका मात्रेवर थांबत. अशी सम मी मोठ्या नावांच्या मैफलींतही दर वेळी ऐकलेली नाही.

त्या छावणीत बसून मला लष्कर आठवले. ग्वाल्हेरचे लष्कर म्हणजे मूळची छावणीच. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, आणि तंबूंचे वाडे झाले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज असेच पाठीवर बिऱ्हाड घेऊन तिथे, इंदुरास, धारेस उतरले. त्या तळाच्या आसऱ्याने हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी वाढली, वासुदेवबुवा जोशी ती शिकले, आणि त्यांच्यापाशी राहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेस आणली. महाराष्ट्रात आज ख्यालगायनाचे जे वैभव आहे त्याचा एक मोठा ओघ छावणीतून परत आला आहे, हे पुण्याच्या रसिकांना अधूनमधून सांगावे लागते. पण तो ओघ आला तो शिकणाऱ्यांच्या गळ्यांतून. श्रोत्यांच्या रांगांतून काही परत आले नाही. माझ्या लहानपणी इंदुरात गणपतीच्या दहा दिवसांत आरतीनंतर जे भजन चाले त्यात घरातले यच्चयावत माणूस टाळ घेऊन बसे. सूर सगळ्यांचा नसे, पाळी सगळ्यांची येई. आता आपल्या संस्थांच्या सभागृहांत खुर्च्या आहेत, ध्वनियंत्रणा उत्तम आहे, बाहेरून नामवंत कलावंत येतात आणि आपण दाद देतो. मीही त्याच खुर्चीतून वृत्तान्त लिहीत आलो.

तिसऱ्या रात्री माझी पाळी आली. डावीकडच्या शाळामास्तरणीने फिडल खाली घेऊन माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. माझा आठ वर्षांचा नातू तिला इंग्रजीत म्हणाला, आजोबांना सगळ्या गाण्यांतले सगळे समजते. ती म्हणाली, मग गाऊ द्यात एक. सगळे हसले, मीही हसलो, आणि उठून जाण्याची सोय राहिली नाही. आईच्या तोंडचा, गणपतीत शेवटी म्हणायचा एक अभंग मी सुरू केला. पट्टी मला सांगता आली नाही. मँडोलिनवाल्याने दोन स्वरांत ती शोधून काढली. मोठ्या उभ्या बासने खाली ठेका धरला, धुमाळीच्या फार दूरचा नव्हता. ध्रुपद दोनदा झाले. पहिले कडवे झाले. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आलो आणि शब्द गेले. साठ वर्षे ऐकलेला अभंग. म्हटलेला किती वर्षांपूर्वी, हे आठवेना.

रिंगण थांबले नाही. मी अडखळलो हे त्यांना कळले असणारच, पण बासने एक आवर्तन भरून काढले आणि फिडलने माझे ध्रुपद उचलून घेतले; मग बँजोने, मग दोब्रोने, आणि दोब्रोवरच्या त्या घसरत्या सुरात ते इतके आईच्या आवाजाजवळ गेले की मी मान खाली घातली. पाळी फिरून पुन्हा माझ्यापर्यंत आली. मी ध्रुपदच पुन्हा म्हटले. त्यानंतर सगळे वाजवत राहिले, एक आवर्तन, दोन आवर्तने, आणि कोणी संपवीना. नातवाने माझ्या गुडघ्याला हात लावला. आजोबा, पाय, तो म्हणाला. गाणे तुमचे आहे.